तिसऱ्या बाकावरून

सातपुते पाळक म्हणाले, आपण सुगंध आहोत.
एवढंच ऐकलं मी.
पुढचा अर्धा तास तिसऱ्या बाकावर
गुपचूप आपलाच तळवा हुंगत बसले.

उजव्या हाताला लसूण.
काल दुपारी डंकावरनं
तीन किलो चटणी कुटून आणली,
नखांत अजून लाल आहे.
डाव्या हाताला फिनेल.
बायकांच्या वॉर्डात रात्रपाळी होती,
नऊ नंबरच्या म्हातारीनं पहाटे चादर भिजवली
आणि लाजून तोंड भिंतीकडं केलं.
मी म्हटलं, असू दे आज्जी,
तांब्या माझ्याच हातनं कलंडला.
खोटं बोलले.
ते कुठल्या वहीत मांडलं असेल वर, कोण जाणे.

आणि या दोन्हींच्या खाली,
साबण पोचत नाही तिथं,
आबांचा वास.
बाभळीची साल, हिरडा, ओलं कातडं.
सुभाषनगरातल्या आमच्या खोलीत
तो आमच्याआधी उठायचा,
आमच्या ताटात बसायचा,
दप्तरात शिरून शाळेला यायचा.

पाचवीत मंगल माझ्या शेजारनं उठली
आणि खिडकीपाशी जाऊन बसली.
तेव्हापासून दर रविवारी
कानामागं मोगऱ्याचं अत्तर,
फ्रॉकच्या कॉलरला अत्तर,
गीतांच्या वहीलासुद्धा.
आबा बघायचे. बोलायचे नाहीत.
एकदाच, आरीला मेण लावता लावता म्हणाले,
तो कोळी गं, ज्याच्या हाती किल्ल्या दिल्या,
तो समुद्राकाठी कुणाच्यात उतरला होता?
कातडं कमावणाऱ्याच्यात.
एक रात्र नव्हं, पुष्कळ दिवस.
नाक धरून जेवला असंल व्हय?

मला उत्तर सुचलं नाही.
मी अत्तर थोडं जास्त लावलं.

मग पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली
आणि छातीइतकी रेघ ओढून परत गेली.
तो चिखल ज्यानं उपसलाय त्याला सांगायला नको:
आंबलेला तांदूळ, डिझेल, मेलेली कोंबडी,
ट्रंकेत कुजलेला कुणाचा तरी शालू.
हौसाक्का पोवार खुर्चीत एकटीच,
मुलगा पुण्यात, पाय अनवाणी.
तिच्या पायाचं माप आबांना तोंडपाठ होतं,
चाळीस वर्षं जोड पोचवला होता
उंबऱ्याच्या बाहेरून.
त्या दिवशी फावडं घेऊन ते सरळ आत गेले.
येऊ का, विचारलं नाही.
तिनंही अडवलं नाही.

दोन दिवस आम्ही ओढत होतो चिखल.
मी नाकाला ओढणी बांधलेली, आबांनी काही नाही.
तिसऱ्या दिवशी तिनं स्टोव्ह पेटवला,
पावडरच्या दुधाचा धुरकट चहा केला,
आबांचा कप आपल्या हातानं भरला, मग थबकली.
"शांतवन, तुझ्या अंगाला कसला वास येतोय रं?"
आबा फुंकर मारत म्हणाले,
"आता तुमच्या घराचाच की, अक्का."

आबा जाऊन तीन वर्षं झाली.
त्यांचा सदरा धुवून ठेवला, ही चूक केली.
अत्तराची बाटली अजून कपाटात आहे,
फेकून द्यायला हवी होती असं म्हणतात,
पण मी काही एवढी चांगली नाही.
वॉर्डातल्या बारा नंबरच्या बाईजवळ जाताना
अजून श्वास धरते मी.

उपासना सुटली. गल्लीभर
रविवारचा रस्सा उकळत होता.
घरी भाकरी थापल्या, दोन डब्यात घेतल्या,
वर चटणी, वर तेल,
आणि परत पाळीवर.

नऊ नंबरनं चार दिवस अन्नाला शिवलं नव्हतं.
उशी सारखी करताना तिनं माझं मनगट धरलं,
नाकाशी नेलं,
बराच वेळ सोडलंच नाही.
"चटणी कुटलीस व्हय गं?
भूक लागली बघ."

सिस्टरला विचारलं, तिखट चालेल का.
बोटाच्या टोकाएवढं, म्हणाली.

मी डबा उघडला.